लग्नाच्या ब्लू-रे डिस्क संगणकात घ्यायच्या, पण कोणत्या सॉफ्टवेअरने?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. थोरल्या मुलीचं लग्न २०१३ साली झालं. फोटोग्राफरने व्हिडिओ तीन ब्लू-रे डिस्कवर दिला होता. घरातला प्लेअर आता बंद पडला आणि दुरुस्त करणारा कुणी मिळेना. मुलगी-जावई न्यू जर्सीला असतात, त्यांना व्हिडिओ हवा आहे. बाहेरून जोडायचा ब्लू-रे ड्राइव्ह भाच्याने आणून दिलाय. नेटवर पाहिलं तर ‘सर्वोत्तम दहा सॉफ्टवेअर’ अशा याद्याच याद्या, आणि प्रत्येक यादीत पहिला नंबर वेगळ्याचा. एक उतरवून घेतलं, रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला, तर सकाळी चित्राच्या मधोमध त्यांच्या नावाचा शिक्का! तो काढायचे पैसे मागतात. लॅपटॉप सात-आठ वर्षांचा आहे. फाइल लहान व्हावी, पण चित्र बिघडू नये. नेमकं काय घेऊ?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, पैसे अजिबात भरू नका. तुमच्या कामाला जे लागतं ते सगळं फुकट मिळतं आणि ते विकतच्यापेक्षा कमी प्रतीचं नाही. मी सांगलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. तुमच्यासारख्या डिस्क त्या काळात मी स्वतः बनवून दिलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या पोटात काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

याद्यांचा गोंधळ होतो तो एका कारणाने. डिस्क वाचणं आणि व्हिडिओ लहान करणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. जाहिरातवाले ती एका बटणात कोंबून विकतात. तुम्ही ती वेगळी करा. आधी डिस्कमधलं सगळं जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवा. लहान करण्याचं मग सावकाश बघू. ते दहा वेळा बिघडलं तरी दहा वेळा परत करता येतं. डिस्क मात्र उद्या वाचली जाईलच याची खात्री नाही.

म्हणून पहिलं काम आजच करा. तुमच्या डिस्कला कुलूप नसतं. बाजारातल्या सिनेमांच्या डिस्कवर एएसीएस नावाचं कुलूप असतं, फोटोग्राफरने घरी लिहिलेल्या डिस्कवर ते नसतं. त्यामुळे ड्राइव्ह जोडला, डिस्क घातली की विंडोजमध्ये ती साध्या फोल्डरसारखी उघडते. आत ‘बीडीएमव्ही’ नावाचं फोल्डर दिसेल, बहुधा शेजारी ‘सर्टिफिकेट’ही असेल. दोन्ही उचलून हार्ड डिस्कवर ‘लग्न डिस्क १’ अशा फोल्डरमध्ये कॉपी करा. सॉफ्टवेअर काहीच लागत नाही. एका थराच्या डिस्कवर २५ जीबी मावतात, दोन थरांच्या डिस्कवर ५०. म्हणजे तीन डिस्कना जास्तीत जास्त १५० जीबी जागा लागेल. ड्राइव्ह मधेच बंद पडत असेल तर त्याला वीज कमी पडतेय असं समजा. काही ड्राइव्हच्या वायरला दोन यूएसबी टोकं असतात, ती दोन्ही लावायची असतात.

डिस्क दिसतच नसेल, तर खालची बाजू बघा. जांभळट असेल तर ती बहुतेक डीव्हीडी आहे. काही जण डीव्हीडीवरच एचडी फाइल लिहून देत. तरी हरकत नाही, पुढची कृती तीच.

कॉपी झाल्यावर लगेच डिस्क कपाटात टाकू नका. ‘बीडीएमव्ही’च्या आत ‘स्ट्रीम’ नावाचं फोल्डर आहे. त्यातली सगळ्यात मोठी फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा आणि सुरुवात, मध्य, शेवट असं तिन्हीकडे बघा. डिस्क लिहिताना आतून बाहेर लिहिली जाते. त्यामुळे डिस्क भरलेली असेल तर शेवटचा भाग अगदी कडेला असतो, आणि बोटांचे ठसे, ओरखडे, बुरशी यांचा पहिला मार त्या कडेलाच बसतो.

कॉपी करताना मधेच अडकली, तर आधी डिस्क पुसा. मऊ सुती कापड घ्या आणि मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते : डीव्हीडीचे ओरखडे घासून काढणारी दुकानं असतात, तिथे ब्लू-रे नेऊ नका. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल असतो, ब्लू-रेत फक्त ०.१ मिलिमीटर. वरचं कठीण आवरण घासलं गेलं की खाली जपायला काही उरत नाही.

पुसूनही अडकत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते लिनक्सवर चालतं, भाच्याची मदत लागेल. विंडोज एका खराब जागेवर हटून बसतं आणि सगळी कॉपी सोडून देतं. डीडीरेस्क्यू तसं करत नाही. जे नीट वाचता येतं ते आधी उचलतं, खराब जागांची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं आणि मग तेवढ्याच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं. त्या नोंदीची खरी किंमत दुसऱ्या ड्राइव्हवर कळते. तीच डिस्क मित्राच्या ड्राइव्हमध्ये घातली की राहिलेल्या जागाच फक्त वाचल्या जातात, आणि एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला बऱ्याचदा दिसतं.

तीन डिस्कपैकी एखादीवर ‘एलटीएच’ अशी खूण असेल तर ती सगळ्यात आधी घ्या. या स्वस्तातल्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उजेडाने लवकर बिघडतो. आणखी एक. सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. प्लेअर दुरुस्त करणारा मिळत नाही म्हणता, तेच पुढे ड्राइव्हचंही होणार. घाई आहे ती इथे.

आता लहान करण्याचं. यासाठी ‘हँडब्रेक’ घ्या. २००३ पासून चालत आलेलं, मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर आहे. शिक्का नाही, मुदत नाही, ‘पहिली पाच मिनिटंच फुकट’ असला प्रकार नाही. फक्त ते हँडब्रेक डॉट एफआर या त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, शोधात वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको. मे २०१७ मध्ये त्यांच्या एका डाउनलोड सर्व्हरवर कुणीतरी घुसून मॅकच्या आवृत्तीत चोरटा प्रोग्रॅम घातला होता आणि चार-पाच दिवस तो तिथे होता. प्रत्यक्ष त्यांच्या सर्व्हरवर हे घडू शकतं, तर भलत्या साइटचा काय भरवसा? विंडोजवर पहिल्यांदा उघडताना ते ‘डॉट नेट डेस्कटॉप रनटाइम’ मागेल. घाबरू नका, तो मायक्रोसॉफ्टचाच भाग आहे.

हँडब्रेकमध्ये ‘ओपन सोर्स’ दाबून ‘लग्न डिस्क १’ हे अख्खं फोल्डर द्या. स्ट्रीममधली एकच मोठी फाइल ओढून टाकू नका. कारण डिस्क बनवताना आम्ही कधी कधी एक कार्यक्रम दोन-तीन फाइलींत ठेवायचो आणि त्यांचा क्रम ‘प्लेलिस्ट’ फोल्डरमध्ये लिहिलेला असायचा. एकच फाइल घेतली तर सप्तपदीनंतर व्हिडिओ संपतो आणि वरात गेली कुठे म्हणून घरात शोधाशोध होते. फोल्डर दिलं की हँडब्रेक प्लेलिस्ट वाचून ‘टायटल’ची यादी दाखवतं. प्रत्येकापुढे वेळ असते, त्यावरून ओळखा.

प्रीसेटमध्ये, म्हणजे तयार सेटिंगच्या यादीत, ‘एचक्यू १०८०पी३० सराउंड’ निवडा आणि मग मी सांगते ते चार बदल करा. प्रीसेट सिनेमा डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. आपल्या लग्नांचं वेगळं आहे.

पहिला बदल कडांचा. ‘डायमेन्शन्स’मध्ये क्रॉपिंग, म्हणजे कडा किती कापायच्या ते, आपोआप ठरतं. सिनेमाच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्या कापायला ते ठीक आहे, पण लग्नाच्या व्हिडिओत पट्ट्या नसतात आणि अंधारात घेतलेली वरात त्याला पट्टी वाटू शकते. ते ‘नन’ करा.

दुसरा बदल फार महत्त्वाचा, आणि याद्या लिहिणारे याचं नावही काढत नाहीत. त्या काळात आपल्याकडे लग्नाचं शूटिंग बहुतेक ‘१०८० आय ५०’ पद्धतीने व्हायचं. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. जुना ट्यूबचा टीव्ही ती तशीच दाखवायचा. आताच्या पडद्यावर दोन अर्धी एकत्र आली की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. अक्षता टाकणारा हात जिथे आहे तिथे व्हिडिओ थांबवून बघा. हाताच्या कडेला दाते दिसले तर ‘फिल्टर्स’मध्ये ‘डीइंटरलेस’ला ‘बीडब्ल्यूडिफ’ किंवा ‘यॅडिफ’ निवडा, त्याचा प्रीसेट ‘बॉब’ ठेवा आणि ‘व्हिडिओ’ पानावर फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ५० करा. हा ५० विसरला तर प्रीसेटची ३० ची मर्यादा तशीच राहते आणि नाचणारी मंडळी धक्के खात नाचतात. दाते दिसले नाहीत तर बॉब नको, आपोआप ओळखण्याची मूळ सेटिंग तशीच राहू द्या. हे काम आधीच करावं लागतं. दात्यांसकट लहान केलेली फाइल नंतर कुणालाच नीट करता येत नाही.

तिसरा बदल दर्जाचा. ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ नावाचा सरकता दांडा आहे, त्यावर आरएफ आकडा असतो. आकडा वाढला की फाइल लहान होते आणि चित्र उतरतं. १०८०पी साठी हँडब्रेकची स्वतःची शिफारस २० ते २४ आहे. तुमच्यासाठी यातला कोणता, हे मी सांगण्यापेक्षा तुमच्या व्हिडिओला विचारा. अख्ख्या लग्नात एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागाला, सगळ्यात जड जाणारा क्षण एकच असतो : ‘शुभमंगल सावधान’ होतं, अंतरपाट दूर होतो आणि अक्षतांचा वर्षाव होतो. शेकडो पांढरे दाणे, प्रत्येकाची वाट वेगळी, त्यात कॅमेऱ्यांचे फ्लॅश, खाली जरीचा पदर चमकतोय. एका चित्रातलं काहीच पुढच्या चित्रात तिथल्या तिथे सापडत नाही आणि एन्कोडर तर त्याच बचतीवर जगतो. बिट कमी पडले तर नेमक्या त्या क्षणी वधू-वरांच्या चेहऱ्यांवर चौकोनी ठोकळे उमटतात. म्हणून ‘रेंज’मध्ये सेकंद निवडा, अक्षतांच्या आसपासचं अर्धं मिनिट घ्या आणि तेवढंच आरएफ २०, २२ आणि २४ ला काढा. तिन्ही तुकडे तुमच्या टीव्हीवर, तुम्ही रोज बसता तेवढ्या अंतरावरून बघा, काकूंनाही बसवा. मूळ चित्राशी फरक कळत नाही असा सगळ्यात मोठा आकडा तुमचा. अक्षता नीट दिसल्या तर बाकीचं लग्न नीट दिसतंच.

किती लहान होईल? साधा हिशेब लक्षात ठेवा : एक एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) म्हणजे तासाला ४५० एमबी. डिस्कवर व्हिडिओ २४ एमबीपीएस असेल तर तासाला १०.८ जीबी झाले. हँडब्रेकमधून तो सरासरी ८ ला उतरला तर तासाला ३.६ जीबी, म्हणजे मूळच्या एक तृतीयांश. लग्नाच्या व्हिडिओसाठी मी एवढ्यावर समाधान मानते. ‘५० जीबीची डिस्क एक जीबीत, दर्जा तोच’ असं जो लिहितो त्याच्याकडे जाऊ नका.

एन्कोडर ‘एच.२६४, एक्स२६४’ ठेवा. एच.२६५ तेवढ्याच दर्जाला आणखी लहान फाइल देतं, पण तुमच्या लॅपटॉपवर त्याला फार वेळ लागेल, आणि मुलीकडे नवा टीव्ही असला तरी इथल्या नातेवाइकांकडे २०१३ च्या आसपासचे टीव्ही आहेत, त्यांना ते उमजणार नाही. फाइल एकदाच करायची आहे, सगळ्यांकडे चालू द्या.

चौथा बदल आवाजाचा. डिस्कवर बहुधा डॉल्बी डिजिटल असेल, ते ‘एसी३ पासथ्रू’ने जसंच्या तसं जाऊ द्या. आवाज मुळातच थोडी जागा घेतो, तिथे काटकसर करून सनईचा गोडवा घालवण्यात काही अर्थ नाही.

‘चॅप्टर्स’ पानावर जरूर जा. डिस्कचा मेन्यू, तो फोटो फिरणारा आणि गाणं वाजणारा, लहान फाइलमध्ये येत नाही. तो मूळ कॉपीत राहतो, म्हणूनही ती जपायची. पण प्रकरणं येतात आणि त्यांना नावं देता येतात : सीमांतपूजन, हळद, मंगलाष्टकं, सप्तपदी, वरात. मुलीला तिकडे थेट हव्या त्या ठिकाणी जाता येईल. सगळी टायटल ‘ॲड टू क्यू’ करून रात्री लावून ठेवा, लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा म्हणजे हवा खेळती राहील.

पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, ते पुन्हा चिरडतं. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जातं, पण तुमच्या फाइली मोठ्या आहेत. गूगल ड्राइव्हवर फुकट १५ जीबी मिळतात. लहान केलेली एकेक फाइल चढवा, मुलीने उतरवून घेतली की काढून पुढची चढवा. मूळ कॉपी मात्र दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात.

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाच्या संगीत नाटकांची चित्रणं ब्लू-रेवर आहेत. मी ती एका फुकट सॉफ्टवेअरने लहान केली, तर काळ्या पडद्यावर पायऱ्या-पायऱ्या दिसतात आणि ऑर्गनचा आवाज बोथट वाटतो. सॉफ्टवेअर बदलू का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सॉफ्टवेअरपेक्षा सेटिंग बदला. अंधाऱ्या रंगमंचावर प्रकाशाचा झोत हळूहळू विरत जातो. आठ बिटच्या चित्रात त्या विरण्याला मोजक्याच छटा वाट्याला येतात, आणि दाब दिला की एन्कोडर त्यातल्याही काही एकत्र करतो. त्याच तुम्हाला पायऱ्या दिसतात. हँडब्रेकमध्ये ‘एच.२६५ १० बिट’ निवडा. मूळ चित्रण आठ बिटचं असलं तरी फायदा होतो, कारण आतला हिशेब जास्त बारीक होतो. एच.२६४ चंही १० बिट रूप आहे, ते टाळा, टीव्हीवर बहुधा चालत नाही. आरएफ नेहमीपेक्षा खाली, १८ च्या आसपास ठेवा. तुमचा पडदा बहुतेक वेळ स्थिर असतो, नट दोन पावलं पुढे येतो आणि पद सुरू होतं, त्यामुळे आकडा खाली आणूनही फाइल फार फुगत नाही. डोंबिवलीच्या काकांना मी एच.२६५ नको म्हटलं आणि तुम्हाला घ्या म्हणते, कारण त्यांना फाइल वाटायची आहे आणि तुम्हाला जपायची आहे.

‘डीनॉइज’ फिल्टर लावू नका. कमी प्रकाशात कॅमेऱ्याची जी भुरभुर येते ती जाते खरी, पण तिच्याबरोबर शालूचा पोत आणि चेहऱ्यावरचा रंगभूषेचा थरही पुसला जातो. संगीत नाटकात नटाचा चेहरा मेणाचा दिसला तर काय उरलं?

आवाजाकडे तर आधी बघायला हवं होतं. मूळ डिस्कवर आवाज कोणत्या रूपात आहे ते ‘मीडियाइन्फो’ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बघा. तिथे ‘पीसीएम’ दिसलं तर तुमचं चित्रण करणाऱ्याने आवाज न दाबता ठेवला आहे, त्याचे आभार माना. तो ‘फ्लॅक’मध्ये घ्या. फ्लॅक आवाज लहान करतं पण त्यातलं काहीच टाकत नाही, उलगडला की मूळचाच आवाज परत मिळतो. फाइलचा प्रकार ‘एमकेव्ही’ ठेवा. तुमच्या सॉफ्टवेअरने बहुधा मूळ आवाज कमी बिटच्या एएसीमध्ये, म्हणजे आवाज दाबून ठेवणाऱ्या रूपात, घातला असणार. अशा दाबात पहिला घाव वरच्या स्वरांवर आणि टाळ्यांवर पडतो. टाळ्या म्हणजे आवाजातल्या अक्षताच समजा, तपासायचा तुकडा तिथला घ्या : पद संपतं, तबल्याची तिहाई येते आणि प्रेक्षागृह ‘वन्स मोअर’ देतं, तेवढं अर्धं मिनिट.

आणखी एक विनंती. मंडळाकडे बऱ्याचदा एकाच प्रयोगाच्या दोन-तीन प्रती असतात. कुणाची प्रत कितपत शाबूत आहे ते बघून मगच कोणत्या प्रतीवरून मूळ कॉपी करायची ते ठरवा. आणि फाइलच्या नावात नाटक, प्रयोगाची तारीख, गाव आणि साथीदारांची नावं घाला. ज्यांना ऑर्गनवर कोण होतं ते आठवतंय, त्यांना आत्ताच विचारून घ्या.

प्रश्न : माझ्याकडे विकत घेतलेल्या हिंदी-इंग्रजी सिनेमांच्या बऱ्याच ब्लू-रे आहेत. त्या घरच्या हार्ड डिस्कवर ठेवायच्या आहेत. हँडब्रेक डिस्क उघडतच नाही. मग विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : हँडब्रेकमध्ये बिघाड नाही. ते कुलूप असलेली डिस्क उघडत नाही आणि तसं ठरवूनच बनवलेलं आहे. विकतची जी सॉफ्टवेअर ‘एका क्लिकमध्ये ब्लू-रे’ म्हणतात त्यांची सगळी किंमत कुलूप काढण्याची असते, लहान करण्याची नसते. आणि ती किंमत बऱ्याचदा दरवर्षी भरावी लागते, कारण नव्या डिस्कची कुलपं बदलत राहतात. कंपनी बंद झाली की तुमचं सॉफ्टवेअर नव्या डिस्कसाठी निरुपयोगी. घेण्याआधी याचा विचार करा.

कायदा सांगते. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी वाजवी उपयोगाची मोकळीक आहे. स्वतः विकत घेतलेली डिस्क स्वतःच्या घरात बघणं आणि तिची प्रत मित्राला देणं, यात कायद्याच्या दृष्टीने फार मोठं अंतर आहे. दुसरी गोष्ट सरळसरळ चूक आहे आणि त्यासाठी मी कुणालाही काही सांगणार नाही. अमेरिकेतले वाचकही हा मजकूर वाचतात, त्यांच्यासाठी : तिकडे १९९८ चा कायदा, ठरावीक अपवाद सोडले तर, कुलूप तोडण्यालाच मनाई करतो. कुलूप कसं काढायचं हे मी इथे लिहीत नाही.

सॉफ्टवेअरची नावं तुमच्या कानावर आलेलीच असतील. त्यातलं ‘मेकएमकेव्ही’ काय करतं एवढं समजून घ्या, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. ते व्हिडिओ लहान करत नाही. डिस्कमधलं टायटल एमकेव्ही फाइलमध्ये जसंच्या तसं ठेवतं, ३० जीबीचं ३० जीबीच. लहान करायला पुढे हँडब्रेकच लागतं. कुलूप नसलेल्या डिस्कवरही ते चालतं आणि प्लेलिस्टमधले तुकडे नीट जोडून देतं, म्हणून माझ्याकडे ते आहे. ‘एवढे पैसे भरून फाइल लहान झालीच नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी ही गोष्ट आधी विचारली असती तर बरं झालं असतं.

सिनेमासाठी माझ्या वरच्या सूचना उलट करा. चित्र बहुतेक सेकंदाला २४ फ्रेमचं असतं, तिथे डीइंटरलेसची गरज नाही. काळ्या पट्ट्या कापायला आपोआप क्रॉपिंग चांगलं. सबटायटल मात्र जपून : ब्लू-रेवरची सबटायटल ही अक्षरं नसून छोटी चित्रं असतात. एमपी४ मध्ये ती वेगळी राहू शकत नाहीत, चित्रावर कायमची छापावी लागतात. चालू-बंद करता यायला हवीत तर एमकेव्ही घ्या. जुन्या सिनेमांवर फिल्मचे बारीक कण दिसतात, ते धूळ समजून पुसायला जाऊ नका. ते त्या चित्राचा भाग आहेत आणि त्यांना जागा लागते. अशा सिनेमाची फाइल नव्या सिनेमाच्या दुप्पट झाली तरी ती होऊ द्या.

प्रश्न : ग्राफिक्स कार्डने काम दहा मिनिटांत होतं म्हणतात. मग एक्स२६४ ला रात्र का द्यायची?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : होतं. हँडब्रेकमध्ये इंटेलचं क्विकसिंक, एनव्हिडियाचं एनव्हीएन्क, मॅकवर व्हिडिओटूलबॉक्स असे पर्याय आहेत. वेग मिळतो, पण तेवढाच दर्जा हवा तर फाइल मोठी होते, कारण चिप ठरावीक शोधच घेते आणि एक्स२६४ ला वेळ दिला तर ते जास्त खोल शोधतं. मोबाइलवर बघायच्या, नंतर पुसून टाकायच्या फाइली कार्डने करा. वर्षानुवर्षं ठेवायचं असेल ते सावकाश होऊ दे. दोन्हींचे आरएफ आकडे सारखे धरू नकोस, त्यांची मापं वेगळी आहेत.

प्रश्न : तयार झालेली फाइल पेन ड्राइव्हवर जात नाही. ‘जागा नाही’ म्हणतं, पण ३२ जीबी रिकामा आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, मग बाकी जागा कितीही असो. आतल्या फाइली दुसरीकडे काढून ठेवा, पेन ड्राइव्हवर उजवं क्लिक करा, ‘फॉरमॅट’मध्ये ‘एक्सएफएटी’ निवडा. टीव्ही जुना असेल आणि एक्सएफएटी ओळखत नसेल तर ‘एनटीएफएस’ करून बघा. तेही चाललं नाही तर हँडब्रेकमध्ये ‘रेंज’मधून प्रकरणं निवडून व्हिडिओचे दोन भाग करा, मंगलाष्टकांपर्यंत एक आणि तिथून पुढे दुसरा.